पावसाळ्यातली शिडं

जून लागला की आमच्याकडे होड्या पाण्याबाहेर येतात. १ जून ते ३१ जुलै सरकारी मासेमारी बंदी असते, पण सरकारने बंदी घातली नसती तरी खारव्यांनी ती पाळलीच असती. खवळलेल्या दर्यात कोण जाणार? होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झावळ्यांखाली नाहीतर प्लॅस्टिकखाली झाकायच्या, जाळी शिवत बसायचं आणि नारळी पौर्णिमेची वाट बघायची. २९ जूनला सांगोडाच्या दिवशी होड्या एकमेकींना बांधून नदीत गाणीबजावणी होते तेवढीच. एरवी गोव्याच्या माणसासाठी जुलै आणि होडी हे शब्द एका वाक्यात बसत नाहीत.

त्यामुळे २०२५च्या जुलैत हैदराबादहून नानांचा फोन आला, "शिडाच्या होड्यांच्या शर्यती आहेत, ये चार दिवस," तेव्हा मला वाटलं ऐकण्यात काहीतरी चूक झाली. "नाना, जुलैत?" "अरे जुलैतच! पाऊस आला की इथे वारं येतं. वारं नसेल तर शिड काय वाळत घालायचंय?"

नाना म्हणजे माझे आतेभाऊ. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, बँकेतून निवृत्त. आत्या लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हापासून ते घर काचीगुड्याच्या बाजूलाच आहे. नानांचं मराठी म्हणजे एक वेगळंच रसायन. सुरुवात पुणेरी पुस्तकातल्यासारखी, मध्येच दखनी आणि शेवटी "हौला आहेस का तू?" दखनीतला 'नक्को' आपल्या 'नको'वरून आला, हे ते प्रत्येक भेटीत नव्यानं सांगतात आणि मी प्रत्येक भेटीत नव्यानं ऐकतो.

मी जायला तयार झालो त्याचं खरं कारण मात्र होड्या नव्हत्या. आमच्या गावच्या वाचनालयाचा मी सचिव. २००३ साली, तेविसाव्या वर्षी, "जरा सही करायला कोणीतरी पदवीधर हवा" म्हणून मला त्या खुर्चीत बसवलं आणि नंतर उठवायला कोणी आलंच नाही. बावीस वर्षं कचेरीतून सुटलो की संध्याकाळी साडेसहाला कुलूप उघडायचं, साडेआठला लावायचं. वाचक कमी होत होत रोजचे पाच-सहा उरले. त्या जूनमध्ये पावसाचं पाणी छपरातून कादंबऱ्यांच्या कपाटावर गळलं आणि दोनशेच्या वर पुस्तकं भिजली. ती वाळत घालायला चला म्हणून अकरा जणांना फोन केले. आले दोघे, त्यातला एक चहा पिऊन गेला. त्या रात्री मी राजीनामा लिहून काढला. "विषय : सचिवपदाचा राजीनामा देण्याबाबत." कारकून माणूस, रागसुद्धा विषय घालून लिहितो. तो कागद बॅगेत ठेवूनच मी वास्कोहून सिकंदराबादच्या गाडीत बसलो. परत आल्यावर सभेपुढे ठेवायचा, असं ठरलेलं होतं.

असो. आता तलावाकडे वळू.

हुसेनसागर हा तलाव हैदराबाद शहरापेक्षा जुना आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. इब्राहिम कुली कुतुबशहाच्या काळात, १५६२-६३च्या सुमारास तो बांधला गेला. ज्यांच्या देखरेखीखाली तो झाला त्या हुसेन शाह वली यांचं नाव त्याला मिळालं. हैदराबाद वसलं १५९१ मध्ये. म्हणजे आधी पाणी अडवलं आणि मग शहर आलं. पुढे इंग्रजांची फौज तलावाच्या उत्तरेला छावणी करून राहिली, १८०६ मध्ये सिकंदर जाहच्या नावावरून त्या छावणीचं सिकंदराबाद झालं आणि दोन गावांच्या मधला बांध हाच त्यांना जोडणारा रस्ता बनला. तोच आजचा टँक बंड. छावणी म्हटली की साहेब आले आणि साहेब आले की त्यांची करमणूक आली. टँक बंडच्या सिकंदराबादकडच्या टोकाला 'बोट्स क्लब' हे ठिकाणाचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. रिक्षावाल्याला तेवढं सांगितलं तरी पुरतं.

हे पाणी पूर्वी प्यायला आणि शेतीला जायचं. १९०८च्या मुसी नदीच्या महापुरानंतर विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, मग उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) झाले आणि पुढे शहराला पिण्यासाठी हुसेनसागरची गरज उरली नाही. माझ्या मते या तलावाच्या नशिबाला तिथेच वळण लागलं. ज्या पाण्याचा आपण घोट घेत नाही, त्यात काय सोडतो याकडे आपलं लक्ष राहत नाही. कुकटपल्ली, बंजारा, बलकापूर, पिकेट अशा नाल्यांतून शहराची घाण तलावात येऊ लागली. काठ भरत गेले, रस्ते आले, तलाव आकसला. सफाईच्या योजना झाल्या, सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं उभी राहिली, फरकही पडला. पण वारा उलटा फिरला की नाक अजून साक्ष देतं.

मधल्या बेटावर बुद्ध उभा आहे. अखंड दगडाचा, अठरा मीटरच्या आसपास उंच. १० मार्च १९९० रोजी तो तराफ्यावरून नेताना तराफा कलंडला, मूर्ती तळाशी गेली आणि सोबतचे काही कामगार प्राणांना मुकले. १ डिसेंबर १९९२ला मूर्ती पुन्हा वर काढून उभी केली. नाना त्या वेळी टँक बंडवरून रोज स्कूटरने बँकेत जायचे. "अडीच वर्षं बुद्ध आमच्या शेजारी पाण्याखाली झोपलेला होता आणि आम्ही वरून ऑफिसला जात होतो," असं ते म्हणतात. मग थोडं थांबून, "मूर्ती काढली. माणसं कुठे काढता येतात?"

अशा या तलावात मुलांना शिडाच्या होड्या शिकवायच्या, हे कोणाच्या तरी डोक्यात यावं लागलं.

शिडाच्या होड्या हुसेनसागरला नवीन नव्हत्या. लष्कराच्या ईएमई शाखेची सेलिंग असोसिएशन तिथे जुनी आहे आणि 'हैदराबाद सेलिंग वीक' ही स्पर्धा १९८०च्या दशकापासून होत आली आहे. पण तो खेळ होता वर्दीतल्यांचा आणि क्लबचं सभासदत्व परवडणाऱ्यांचा. काठावर चणे खाणाऱ्या माणसाला ती शिडं लांबून पांढऱ्या पाखरांसारखी दिसायची, एवढाच त्याचा संबंध. २००९ मध्ये सॉफ्टवेअरच्या धंद्यातून आलेल्या सुहेम शेख यांनी 'यॉट क्लब ऑफ हैदराबाद' सुरू केला. तलावावरच्या वस्त्यांतल्या, सरकारी आणि धर्मादाय शाळांतल्या मुलांना या क्लबने होडीत बसवलं. रसूलपुऱ्याच्या उद्भव शाळेतली मुलं आली, अनाथ आणि बेघर मुलींच्या वसतिगृहांतल्या मुली आल्या. मुलींसाठी 'नाविका' नावाचा वेगळा उपक्रम निघाला. दर जुलैला 'मॉन्सून रेगाटा' होऊ लागली आणि देशभरातून पोरं आपापली शिडं घेऊन दख्खनच्या पठारावर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पावसात भिजायला येऊ लागली. याच तलावावर शिकलेली प्रीती कोंगरा पुढे हांगझोच्या आशियाई खेळांत (२०२३ मध्ये झालेल्या) भारताकडून उतरली.

यॉट क्लब म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पांढऱ्या पँटी, उंच ग्लास आणि मरिनात ओळीने उभ्या राहिलेल्या चकचकीत बोटी येत होत्या. सिनेमाने केलेला हा संस्कार. प्रत्यक्षात काठावर ढकलगाड्यांवर ठेवलेल्या, आंघोळीच्या टबपेक्षा थोड्या मोठ्या होड्या होत्या. नाक चपटं, जणू पुढचा भाग कोणी करवतीने कापून टाकलाय. प्रत्येकीत एक प्लॅस्टिकचं भांडं दोरीने बांधलेलं. "ते कशाला?" मी विचारलं. "आत आलेलं पाणी बाहेर काढायला," नाना म्हणाले. "पंप-बिंप काही नाही. भांडं आणि दोन हात."

या होडीचं नाव ऑप्टिमिस्ट. तिची गोष्ट मला नंतर वाचायला मिळाली आणि ती फार आवडली, म्हणून सांगतो. १९४७ साल. अमेरिकेत फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर या गावी 'ऑप्टिमिस्ट क्लब' नावाचं एक मंडळ होतं. आपल्याकडच्या रोटरी-लायन्ससारखं, गावच्या मुलांसाठी काहीबाही करणारं. तेव्हा तिकडे मुलं खोक्यांच्या गाड्या करून उतारावरून शर्यती लावायची. मेजर क्लिफर्ड मॅके या गृहस्थांनी सुचवलं, की आपल्या गावात पाणी भरपूर आहे, मग मुलांना अशाच स्वस्त होड्या का देऊ नयेत? क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याकडे काम गेलं. अट अशी, की आठ फुटी प्लायवूडच्या दोन फळ्यांत होडी बसली पाहिजे आणि खर्च पन्नास डॉलरच्या आत राहिला पाहिजे. फळीची लांबी संपली म्हणून होडीचं टोक निमुळतं न करता सपाट ठेवलं. ते कापलेलं नाक म्हणजे नक्षी नव्हे, काटकसर. गावच्या दुकानदारांनी एकेका होडीचा खर्च उचलला. १९५०च्या दशकात डेन्मार्कच्या अ‍ॅक्सेल डॅमगार्ड यांनी ती होडी युरोपात नेली, आणि आज शंभराहून अधिक देशांत पंधरा वर्षांपर्यंतची मुलं याच होडीवर शिकतात. जगातल्या कितीतरी ऑलिम्पिक खलाशांनी पहिली गटांगळी हिच्यातूनच खाल्ली.

म्हणजे बघा, ही होडी जन्माला आली ती गावातल्या हौशी मंडळींच्या खिशातून, ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्या मुलांसाठी. मग जगभर फिरता फिरता ती श्रीमंत झाली, क्लबांच्या फाटकाआड गेली. आणि साठेक वर्षांनी हुसेनसागरच्या काठी, रसूलपुऱ्याच्या पोरांच्या हाती पुन्हा आली. माहेरी आली म्हणा ना.

नानांचा या सगळ्याशी संबंध काय? नानांना पोहता येत नाही. होडीत ते आयुष्यात दोनदा बसले, दोन्ही वेळा बुद्धाच्या दर्शनाला. निवृत्तीनंतर सकाळी तलावाकाठी फिरायला जात. एक दिवस कोणीतरी विचारलं, "अंकल, शर्यतीच्या दिवसांत थोडं लिहायचं काम कराल का?" तेव्हापासून दर जुलैला ते लिहायला बसतात. आजवर एक पैसा घेतला नाही. दुपारचं जेवणाचं पाकीट मिळतं तेवढंच, आणि त्यातलाही गोड पदार्थ ते मुलांना देतात. (मधुमेह आहे. पण ऐकणाऱ्याला दिलदारपणा वाटतो.)

शर्यत म्हटली की मला शिट्टीवाला पंच अपेक्षित होता. इथे पाण्यावर तसा पंच नसतो. स्टार्टला पाच मिनिटं असताना झेंडा आणि आवाज, चार मिनिटं असताना दुसरा, एक मिनिटाचा तिसरा, मग सुरुवात. त्यानंतर तुमचं तुम्ही. दुसऱ्याच्या वाटेत आलात, धक्का लागला, तर समोरचं पोर "प्रोटेस्ट!" असं ओरडतं. चूक आपली असेल तर आपणच होडीसकट दोन गिरक्या घेऊन शिक्षा भोगायची आणि पुढे जायचं. कोणी सांगायची वाट बघायची नाही. पटलं नाही तर किनाऱ्यावर आल्यावर लेखी तक्रार, मग सुनावणी. आणि नियमावलीत सगळ्यांत वरचा नियम कोणता, तर संकटात असलेल्या कोणालाही शक्य ती सगळी मदत केलीच पाहिजे. जिंकण्याबिंकण्याचं सगळं त्यानंतर.

बारा वर्षांची एक मुलगी मी पाहिली. पहिल्या पाचात होती. कोणी ओरडलंही नव्हतं, तरी तिने खुणेच्या बोयापलीकडे जाऊन दोन पूर्ण गिरक्या घेतल्या. तेवढ्यात सात-आठ होड्या पुढे निघून गेल्या. मी नानांना विचारलं, "कोणी पाहिलं तरी होतं का?" नाना म्हणाले, "तिने पाहिलं होतं ना." मी वीस वर्षांहून अधिक काळ सरकारी नोकरीत आहे. या वाक्यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही.

शनिवारी नाना म्हणाले, "तू कारकून आहेस ना, मग बस माझ्या बाजूला." मला एक वही दिली. होडी पाण्यात जाताना शिडावरचा आकडा आणि मुलाची सही. परत आली की पुन्हा सही. दोन रकाने, गेला आणि आला. आमच्या कचेरीतलं मस्टर म्हणा हवं तर. इतकं सोपं काम की मला थोडा अपमानच वाटला.

दुपारी तीनच्या सुमारास बेगमपेठच्या बाजूने आभाळ काळं झालं आणि पाऊस आडवा येऊ लागला. शर्यत थांबवल्याची खूण झाली. सगळ्या होड्या काठाकडे वळल्या. दोन-तीन उलटल्या, पण पोरं सराईतपणे होडीच्या मधल्या फळीवर उभी राहून तिला पुन्हा सरळ करत होती. मदतीच्या मोटरबोटी मध्ये फिरत होत्या. काठावर एकच गर्दी झाली. ओली मुलं, थंडीने वाजणारे दात, पालक टॉवेल घेऊन धावतायत, जो तो होडी ओढतोय. आणि नेमका त्याच वेळी माझा फोन वाजला. गावाहून आमचे खजिनदार. "छपराचं कोटेशन आलं, रे. काय करायचं?" मी एका हाताने टिक करत, दुसऱ्या हाताने फोन धरून छपरावर बोलत राहिलो.

गर्दी ओसरल्यावर नानांनी वही मागितली. बोट रकान्यावरून खाली खाली आलं आणि एका आकड्यावर थांबलं. गेला, सही आहे. आला, रकाना कोरा.

नानांनी मान वर केली. मी त्यांचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. "हा आला का?" मला सांगता येईना. आला असेल. मी बहुतेक पाहिलं. पण 'बहुतेक' हा शब्द त्या रकान्यात लिहायला जागा नव्हती. नाना उठून ज्याच्या हाती वायरलेस होता त्याच्याकडे गेले. मोटरबोट पुन्हा पाण्यात निघाली. जे लोक घरी निघाले होते ते थांबले. कोणी मला काही बोललं नाही. कोणी विचारलंही नाही की हे वही सांभाळणारे गृहस्थ कोण. एक आजोबा टाईप गृहस्थ, एक कॉलेजातला मुलगा, दोन आया, सगळे पावसात पाण्याकडे बघत उभे. मी त्या राखाडी पाण्याकडे बघत होतो आणि मला त्या मधल्या बुद्धाकडे बघवत नव्हतं.

नऊ मिनिटं गेली. मी घड्याळ बघितलं होतं म्हणून आकडा पक्का आहे. नंतर कॉलेजातला तो मुलगा मागच्या खोलीतून एका पोराला खांद्याला धरून घेऊन आला. साधारण दहा वर्षांचा, तोंडात समोसा. वही समोर घेऊन उभं असतानाच त्याने मला विचारलं होतं म्हणे, "अंकल, सही?" आणि मी फोनवर बोलता बोलता त्याला हाताने पुढे जायची खूण केली होती.

म्हणजे चूक पोराची नव्हती. माझी होती.

त्याने सही केली. मोटरबोट परत बोलावली. मग लोक घरी गेले. नाना मला एवढंच म्हणाले, "आमचं काम इतकंच आहे बघ. जेवढे गेले तेवढे आले की नाही ते बघणं. ते झाल्याशिवाय घरी जायचं नाही." मग चहा आणायला गेले. परत आले तेव्हा वही त्यांनी पुन्हा माझ्याचकडे दिली. ती त्यांनी काढून घेतली असती तर मला बरं वाटलं असतं, खरं सांगतो.

रात्री जेवताना मी त्यांना राजीनाम्याचं सांगितलं. वाटलं होतं, "असं कसं, सोडू नको" म्हणतील. ते म्हणाले, "सोड की. बावीस वर्षं पुष्कळ झाली. पण किल्ली कोणाकडे देणार?" मी म्हटलं, "कोणीच पुढे येत नाही." नाना म्हणाले, "तो कॉलेजातला मुलगा पाहिलास ना आज? सात वर्षांपूर्वी तोच समोसा खात होता."

झोप लागेना. मला एकदम आमच्या खाजन शेतांची आठवण झाली. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्याला बांध घालून मिळवलेली शेतजमीन. बांधात मानस असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याची झडप. भरती-ओहोटीप्रमाणे ती नीट राखली तर भात, नाहीतर खारं पाणी आत आणि शेत मेलं. शतकानुशतकं गावकरीने हे बांध सांभाळले. बांध फुटला की गाव रात्री-अपरात्री चिखल घेऊन धावायचा. पुढे कूळकायदे आले, बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि बऱ्याच ठिकाणी ती कोणाकडेच उरली नाही. कितीतरी खाजनं आज खारफुटीखाली आहेत. माझे आजोबा बांधावर जायचे, वडील कधीकधी जायचे, मी एकदाही गेलो नाही. मला कोणी बोलावलं नाही, अशी माझी तक्रार असते. पण मी तरी वाचनालयात कोणाला बोलावलं? फोन केले ते माझ्या वयाच्या आणि माझ्याहून मोठ्या माणसांना. जी पाच-सहा मुलं संध्याकाळी येऊन बसतात त्यांच्या हातात मी बावीस वर्षांत कधी नोंदवही दिली नाही. "हात लावू नका, खराब होईल." किल्ली माझ्या खिशात. आणि वर तक्रार, की कोणी पुढे येत नाही.

आमच्याकडे झुआरीवर नावशीला मरिना बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षं विरोध केला. विकास नको म्हणून नव्हे. त्या पाण्यावर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना उद्या तिथे काठावर उभं राहायलाही परवानगी लागेल, ही ती भीती. माझाही मरिना या शब्दावर राग होता आणि तो पूर्ण गेलेला नाही. पण हैदराबादहून येताना गाडी दूधसागरपाशी आली, डब्यातले सगळे दाराशी गर्दी करून धबधबा बघू लागले, तेव्हा माझ्या मनात आलं, की पाण्याकाठी काय बांधलं यापेक्षा फाटक कोणासाठी उघडं आहे आणि वही कोणाच्या हातात आहे हे बघायला हवं. हुसेनसागरचं पाणी त्या क्लबच्या हातात नाही. नाले वरून येतात, शहर वाढतंय, शुद्धीकरण हे सरकारचं काम आहे आणि ते अर्धं राहिलं तर शिडं कितीही पांढरी असून उपयोग नाही. पण जी मुलं त्या पाण्यात रोज उतरतात, ती मोठेपणी त्या पाण्याबद्दल गप्प बसतील असं मला वाटत नाही. ज्याने पाणी तोंडात गेल्यावर थुंकलंय, त्याला तलाव म्हणजे लांबून दिसणारा देखावा राहत नाही.

ऑगस्टमध्ये आमची सभा झाली. राजीनामा मी ठेवला. मागे घेतला नाही. सभासदांना वाटलं होतं आग्रह केला की घेईन, पण नाही. फक्त त्यात एक ओळ वाढवली. "नवीन सचिव मिळेपर्यंत सहा महिने मी नोंदवहीच्या बाजूला बसेन, नोंदवही मी लिहिणार नाही." दहावीत शिकणारी एक मुलगी आणि तिचा चुलतभाऊ, दोघं सोमवार ते शुक्रवार आलटून पालटून लिहितात. तिचं अक्षर चांगलं आहे. त्याचं भयंकर आहे. पहिल्याच आठवड्यात दोघांनी मिळून एक गोष्ट शोधून काढली, जी मी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. बाहेर गेलेली आणि कधीच परत न आलेली एकशे चौदा पुस्तकं. त्यांनी यादी केली आणि घरोघर जायला लागली. आतापर्यंत एकवीस परत आलीत. त्यातलं एक माझ्याच घरी, कपाटाच्या वर होतं. सही माझी होती. तारीख २००९ची.

वाचनालय टिकेल का, मला सांगता येत नाही. ती मुलगी उद्या शिकायला पणजीला किंवा पुण्याला जाईल, चुलतभावाचं लक्ष क्रिकेटकडे जास्त. छपराचे पैसे अजून जमायचेत. पण संध्याकाळी साडेआठला कुलूप लावण्याआधी ती दोघं वहीवरून बोट फिरवतात, आणि मी बाजूला बसून बघतो.

नानांना फोनवर हे सांगितलं. ते म्हणाले, "पुढच्या जुलैला ये. वही ठेवलीये तुझ्यासाठी. फोन मात्र घरी ठेवून ये, हौल्या."